गोलाईला उंच शेजार

(पहाट. गंजगोलाई. दुकानांची शटर अजून खाली. देवळातली घंटा.)

सकाळचे सहा. लातूरच्या गंजगोलाईत या वेळी दोनच आवाज असतात, एक अंबाबाईच्या घंटेचा आणि दुसरा खराट्याचा. हारवाल्या बायका पायरीजवळ टोपल्या उतरवतात. चहाच्या गाड्यावर पहिलं आधण चढतं. हमाल रिकाम्या पोत्यांवर बसून पहिल्या टेम्पोची वाट बघतात.

मी या बाजारात वाढलो. वडिलांचं दुकान इथून हाकेच्या अंतरावर होतं. शाळेला सुट्टी लागली की माझा दिवस याच गोल चौकात जायचा. आम्हा पोरांचा तेव्हा एक खेळ होता. डोळे मिटून देवळाला फेरी मारायची आणि नाकानं रस्ता ओळखायचा. मिरचीचा रस्ता आला की ठसका लागायचा. गुळाच्या रस्त्यावर गोड, जरासा आंबूस वास आणि माश्यांची घोंघों. चपलांच्या रस्त्यावर नवं कातडं. सराफ लाइन मात्र नाकाला सापडायची नाही. सोन्याला वास नसतो. तिथं कान देऊन हातोडीची टिकटिक ऐकायची.

(वरून दिसणारी गोलाई. रस्ते एकेक करून ठळक होतात.)

आता वरून बघा. मधोमध दुमजली गोल इमारत, तिच्या पोटात देऊळ, आणि चाकाला आरे असावेत तसे चहूकडे निघालेले सोळा रस्ते. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी हा आराखडा काढला आणि 1917 मध्ये ही इमारत उभी राहिली. गाव त्याच्याही कितीतरी आधीचं. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, ते लट्टलूर म्हणजे हेच लातूर. पण आजच्या लातूरकराला विचाराल तर शहराचा नकाशा गोलाईपासून सुरू होतो. कुणी पत्ता विचारला की आम्ही आधी विचारतो, 'गोलाई माहिती हाय का?'

बैलगाडी डोळ्यांपुढे आणली की आराखड्यातलं शहाणपण लगेच कळतं. भरली गाडी कुठल्याही रस्त्यानं आत यावी, माल उतरवावा, गोल वळसा घेऊन दुसऱ्या रस्त्यानं बाहेर पडावी. बैल मागं सारायची वेळच येऊ नये. आणि दुकानं दोन मजल्यांची. खाली गादी, वर राहणं किंवा कोठार. त्यामुळं चौकात उभं राहिलं की सोळाही रस्त्यांच्या टोकाला आभाळ दिसायचं.

(कॅमेरा हळूहळू वर. जुन्या छपरांच्या मागं हिरव्या जाळीत गुंडाळलेली एक उंच इमारत.)

आज त्यातल्या काही रस्त्यांच्या टोकाला आभाळाच्या जागी काँक्रीट दिसतं. जुन्या पेठेच्या कडेला वाडे पडू लागलेत आणि त्या जागांवर सहा, सात, त्याहूनही जास्त मजले चढू लागलेत.

हे का होतंय, ते नीट समजून घ्यायला हवं. वाडा विकणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांच्या एका वाड्याला आता अकरा वारस आहेत. चौघं पुण्यात, एक मुलगी हैदराबादला. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, दर पावसाळ्यात गळतं, लाकडाला वाळवी लागलीय, आणि माळवदावर मातीची पेंड घालणारा माणूस शोधून सापडत नाही. अशा घरात कुणी येऊन म्हणालं की प्रत्येकाला एक फ्लॅट आणि वर रोख रक्कम, तर ते नाही कशाला म्हणतील? मीही नसतो म्हणालो.

दुसरं कारण ट्यूशन. 'लातूर पॅटर्न'चं नाव झाल्यापासून मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून पोरं इथं डॉक्टर, इंजिनिअर व्हायला येतात. त्यांना खोली लागते, मेस लागते, अभ्यासिका लागते. ट्यूशन एरियात जागा उरली नाही की ही मागणी शहराच्या पोटाकडे सरकते. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. एवढ्या माणसांना आणि पाहुण्या पोरांना राहायला जागा लागणारच, आणि शेतजमीन खात आडवं पसरण्यापेक्षा उभं वाढणं कधी कधी चांगलंही असतं. उंच इमारतीला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की या जागेवर मजले चढवण्याआधी खाली काय आहे ते मोजा. रस्ता मोजा, पाणी मोजा, माती मोजा.

(अरुंद रस्ता. हातगाडा, टेम्पो, दुचाक्या. हॉर्न.)

रस्त्याचं फार सांगायला नको, तुम्हाला समोर दिसतंच आहे. बांधकामाच्या नियमात इमारतीची उंची आणि मिळणारा एफएसआय, म्हणजे जागेच्या मानानं किती बांधकाम करता येतं त्याचं माप, समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला असतो. त्यामागं साधा विचार आहे. आग लागली तर बंब आत आला पाहिजे, त्याची शिडी उघडायला जागा पाहिजे. पण कागदावर रस्त्याची जी रुंदी असते, त्यातली किती रुंदी दुपारी बारा वाजता मोकळी असते? दुकानांचे ओटे, पुढं आलेले पत्रे, उभे टेम्पो सोडून उरतो तेवढाच बंबाचा रस्ता. राज्यात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू आहे, असं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. राहायला गेल्यावर सोसायटीत हा कागद मागून बघा.

(रेल्वे रुळांवर टाक्यांची लांबच लांब गाडी. जुनी छायाचित्रं.)

पाण्याबद्दल लातूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. धनेगावचं मांजरा धरण आटलं तेव्हा, 2016 च्या मार्चमध्ये, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. पुढं 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. नंतर गाडी पन्नास वॅगनची झाली आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात रात्री दोनला नळ सुटायचा आणि सगळी गल्ली जागी असायची. घागरी, कळश्या, तेलाचे डबे, लेकरांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा भरून ठेवायचो.

आता एक हिशोब करू. चाळीस फ्लॅटची एक इमारत धरा, घरटी चार माणसं. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज 135 लिटरचं माप धरतात. म्हणजे इमारतीला दिवसाला 21,600 लिटर लागणार. मिरजेहून आलेली एक आख्खी वॅगन, पन्नास हजार लिटर, या एका इमारतीला सव्वादोन दिवस पुरली असती. त्याच जागेवरच्या जुन्या वाड्यात दहा-बारा माणसं राहायची आणि त्यांचा आड होता.

नळाचं पाणी रोज येत नाही, मग बोअर. एकानं पाचशे फूट मारलं की शेजारचा सातशे मारतो, आणि पाण्याऐवजी फुफाटा उडतो. पेठेतल्या एका म्हाताऱ्या मावशींना मी विचारलं, 'मावशी, सातव्या मजल्यावर राहायला जाल का?' त्या म्हणाल्या, 'लेकरा, पाणी खालीच येईना, वर कुठून यायलंय?'

(अंधार. मग कंदिलाचा पिवळा उजेड.)

आणि आता माती. इथं मला थोडं थांबायचंय.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून, गुलाल धुऊन लोक नुकते झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मातीत गेली. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. लातूर शहरात पडझड त्या मानानं कमी झाली, पण आमच्या आईनं आम्हाला उचलून अंगणात आणलं ते मला आठवतंय. पुढं कितीतरी रात्री आम्ही अंगणातच झोपलो. एखादी मालगाडी गेली तरी आजी उठून बसायची.

किल्लारीत माणसं मारली ती उंच इमारतींनी नव्हे. ती घरं बुटकीच होती. चिखलात रचलेल्या दगडगोट्यांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंत फुटली आणि माळवद अंगावर आलं. म्हणून 'जुनं ते मजबूत' असं मी म्हणणार नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यांनाही डागडुजीची गरज आहे.

पण 2001 चा भूजचा भूकंप आठवा. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर भिंतींनी भरलेले जड मजले आणि खाली नुसते खांब. जमीन हलली की सगळा ताण त्या खांबांवर येतो आणि तळमजला गुडघ्यात मोडतो. लांबून येणारे संथ हादरे बुटक्या घरांपेक्षा उंच इमारतींना जास्त झुलवतात, आणि खाली मऊ मातीचा जाड थर असेल तर ते आणखी वाढतात.

किल्लारीच्या आधी भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 च्या सुधारित नकाशात पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. तिसऱ्या विभागात खांब-तुळयांची सळई कशी बांधायची, याचे नियम कडक आहेत.

(जवळून : सळया वाकवणारे हात.)

हे बघा. खांबाच्या उभ्या सळयांभोवती ही जी चौकोनी रिंग आहे, तिची दोन टोकं नीट बघा. ही टोकं 135 अंशात, म्हणजे खांबाच्या पोटात, आत वळलेली असायला हवीत. बाहेर काटकोनात वाकवलेली टोकं हादऱ्यात उघडतात. मग रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि काँक्रीट भुगा होऊन गळतं. टोक आत वळवायला फिटरला थोडा जास्त वेळ लागतो. एका साइटवर मी मिस्त्रीला विचारलं तेव्हा त्यानं हातातली रिंग खाली ठेवली आणि म्हणाला, 'मालक, बिगारी रोजावर हाय, रिंगा नगावर. नगावर काम दिलं की कोण आत वळवतंय?' फ्लॅट घेताना आपण टाइल्स बघतो, मॉड्युलर किचन बघतो. स्लॅब पडायच्या आधी साइटवर जाऊन या रिंगा कुणीतरी बघायला हव्यात, आणि ते काम घेणाऱ्यावर न सोडता परवानगी देणाऱ्यानं करायला हवं.

(पुन्हा गोलाई. दुपार. गर्दी.)

बीबी का मकबऱ्यासारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते, आणि पुढचे 200 मीटर परवानगी लागते. चालत्याबोलत्या बाजाराला तो कायदा राखत नाही. पण महापालिकेला वारशाची यादी करता येते, एखादी पेठ वारसा परिसर म्हणून ठरवता येते, तिथल्या उंचीला आणि दर्शनी भागाला मर्यादा घालता येतात. विकास आराखड्यात गोलाईभोवती एक वर्तुळ आखा. त्याच्या आत दोन-तीन मजले, बाहेर हळूहळू चढती उंची. आतल्या मालकांचं जे नुकसान होईल, ते टीडीआरनं, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायच्या हक्कानं, भरून द्या. तो हक्क त्यांना बार्शी रोडला, औसा रोडला रुंद रस्त्यावर वापरता येईल. मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींचे खांब परवानगीआधी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या. बोअरच्या भरवशावर वापर परवाना देऊ नका. आणि हे सगळं आजच करा, कारण पेठेतले वाडे एकेक करून निघालेत. एकदा सात मजले उभे राहिले की कुठलाही आराखडा ते खाली आणू शकत नाही.

(खोदकाम. जेसीबी. कड्यावर दोन माणसं.)

परवा मी अशाच एका खोदकामाच्या कडेला उभा होतो. जुना वाडा गेलाय, खड्डा घेतलाय. शेतातली ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी, असं आपण म्हणतो. या खड्ड्याची भिंत म्हणजे आख्खी पांढरीच. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, खापरं, एक फुटका दिवा, जनावराचं हाड, परत राख. थरावर थर. माणसांनी राहून राहून घातलेली ही भर आहे, भुसभुशीत. पाया हिच्यावर उभा करून चालत नाही. हिच्याखाली काळी, मग मुरूम, मग पाषाण, तिथंवर जावं लागतं.

सुपरवायझर टेप घेऊन वाकला होता. मी विचारलं, 'किती झालं?'

'चौदा फूट.'

'मुरूम लागला का?'

त्यानं खाली हात घातला, मूठभर माती उचलली आणि बोटांत चुरडून बघितली.

'अजून पांढरीच हाय.'