झोपणारा आणि वादळाला धमकावणारा

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावात आपणा सर्वांना सलाम.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाच्या शेवटाकडे या. दिवसभर लोकांना शिकवून झाल्यावर येशू संध्याकाळी मचव्यात बसतो आणि मागच्या बाजूला उशीवर डोके टेकून झोपी जातो. वादळ सुटते, लाटा आत येतात, मचवा भरू लागतो, तरी त्याला जाग येत नाही. घाबरलेले शिष्य त्याला उठवतात. तो उठून वाऱ्याला धमकावतो, समुद्राला म्हणतो, “उगा राहा, शांत हो.” सगळे निवांत होते. आणि वादळ शमल्यावर शिष्यांना आणखीच भीती वाटते, आता ती त्याची. “हा आहे तरी कोण?” असे ते एकमेकांना विचारू लागतात.

ते यहुदी होते. स्तोत्रे त्यांच्या ओठांवर होती. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपी जात नाही, असे 121 वे स्तोत्र सांगते. वादळ शमवणारा परमेश्वर, असे 107 वे सांगते. आणि इथे एकाच मचव्यात, एकाच व्यक्तीच्या ठायी, थकव्याची गाढ झोपही आहे आणि समुद्रावरचा अधिकारही. देव झोपत नाही. समुद्र माणसाचे ऐकत नाही. मग हा कोण?

मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समाजाचे, उत्तर असे: हा मशीहा पूर्ण देव आहे आणि पूर्ण मनुष्य आहे, आणि तरीही तो एकच आहे. अर्धा हा, अर्धा तो, असे नाही. हे उत्तर जपायला मंडळीला शतके झगडावे लागले, कारण दोहोंपैकी एक बाजू सोडून दिली की सगळे कसे सोपे वाटते.

पुष्कळांना वाटते की सुरुवातीला लोकांना त्याचे देवपण पटले नसेल. पण अगदी आरंभीच्या काळात काही जणांना त्याचे माणूसपणच नको होते. देवाला भूक कशी लागेल, खिळे कसे टोचतील? म्हणून त्याचा देह हा नुसता भास होता, असे ते म्हणत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचे बिशप इग्नाती यांना साखळदंडात रोमला नेले जात होते, मृत्युदंडासाठी. वाटेत लिहिलेल्या पत्रात ते विचारतात: त्याने दुःख सोसल्याचा नुसता भास असेल, तर मी बेड्यांत का आहे? या एका प्रश्नापुढे मला मोठमोठे युक्तिवाद फिके वाटतात.

चौथ्या शतकात उलटी हाक आली. आलेक्झांड्रियाच्या मंडळीतले एक धर्मगुरू, एरियस, शिकवू लागले की पुत्र महान खरा, पण निर्माण केलेला. तो नव्हता असाही एक काळ होता. 325 साली निकीया येथे धर्मपरिषद भरली आणि तिने उत्तर दिले: पुत्र उत्पन्न केलेला नाही, जन्मलेला आहे, पित्याशी एकतत्त्व आहे. प्रकरण तिथे मिटले नाही. हाच विश्वास धरून ठेवल्याबद्दल आलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांना पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. त्यांचा आग्रह कशासाठी होता? निर्माण केलेला कोणी, मग तो कितीही थोर असो, आपल्याला देवाशी जोडू शकत नाही. ते काम देवानेच करायला हवे.

मग त्याच शतकातले बिशप अपोलिनारिस यांनी मधला मार्ग काढला: देह माणसाचा, मन मात्र देवाचे. वरवर पाहता हे भक्तीचेच बोलणे वाटते. पण नाझियान्झचे बिशप ग्रेगरी यांनी लिहिले की जे त्याने धारण केले नाही, ते बरेही झाले नाही. आपले बिघडलेले असते ते मनच ना? मत्सर, भय, हट्ट हे सारे तिथेच राहतात. ते मन त्याने घेतले नसेल तर तारण आपल्या कातडीपाशी थांबले, असे म्हणावे लागेल.

म्हणूनच गेथशेमाने बाग मला इतकी महत्त्वाची वाटते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री, दुःखाचा हा प्याला टळावा असे तो तिथे खरेच मागतो. ते नाटक नाही. खऱ्या मानवी इच्छेला मृत्यूचे भय वाटले, आणि त्या इच्छेनेच म्हटले, “माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.” इब्री लोकांस पत्र सांगते, तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला.

451 साली खल्कीदोन येथील धर्मपरिषदेने हे शब्दांत बांधले: एकाच येशूत देवाचा आणि माणसाचा असे दोन स्वभाव, त्यांची सरमिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियाक मंडळ्यांना ही मांडणी मान्य झाली नाही, आणि त्या दुराव्याचे दुःख आजही आहे. तरी येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य हे त्याही मनापासून कबूल करतात, हे आवर्जून सांगायला हवे.

आणि हे माणूसपण त्याने वस्त्रासारखे उतरवून ठेवलेले नाही. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांसमोर मासा खातो, खिळ्यांचे व्रण दाखवतो. ते व्रण पाहून शिष्य थोमा म्हणतो, “माझा प्रभू व माझा देव!” पुढे लुस्त्र नगरात लोक प्रेषित पौल आणि बर्णबा यांना देव समजून यज्ञ करायला निघाले, तेव्हा त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगितले. येशूने थोमाला अडवले नाही. त्याने ती आराधना स्वीकारली, आणि न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले.