ग्रामसभा, मोबाइल आणि उत्तराची मुदत

मित्रहो, डिजिटल तंत्रज्ञानाने नागरिक राजकीय संस्थांच्या जवळ येतो का, या प्रश्नाचा विचार मी आज संसदेपासून नव्हे, ग्रामसभेपासून करणार आहे. कारण ७३व्या घटनादुरुस्तीने घटनात्मक स्थान दिलेल्या या संस्थेत मतदार प्रतिनिधी पाठवीत नाही, तो स्वतःच सदस्य असतो. महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर लागतात. ते जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. पहिली सभा माणसांअभावी तहकूब करायची आणि दुसरी मोजक्या सह्यांवर उरकायची, ही वाट किती मळलेली आहे हे गावाकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीमुळे ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च कोणालाही मोबाइलवर पाहता येतो, ही मोठीच गोष्ट आहे. समजा, चाकणच्या कारखान्यात काम करणारा एखादा तरुण पाळी संपल्यावर आपल्या गावाचा आराखडा उघडतो आणि ‘बंदिस्त गटार बांधकाम’ अशी नोंद वाचतो. गटार कोणत्या आळीत, कोणाच्या दारापासून कुठपर्यंत, हे त्या एवढ्याशा नोंदीवरून कसे कळावे? तो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारतो. दोन दिवस वाद रंगतो, सरपंच वाचतात, कधी उत्तर देतात, कधी नाही. इतिवृत्तात मात्र यातली एक ओळही उमटत नाही आणि जे इतिवृत्तात नाही ते शासनाच्या लेखी घडलेलेच नसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील पंचायतींसाठीच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेली आहे, हे त्या तरुणाला आधी कोणी सांगितले असते, तर सभामंडपाला पैसे का नाहीत यावरची निम्मी भांडणेही वाचली असती.

माझ्या मते अडचण पडद्यावर काय दिसते यापेक्षा विचारलेल्याचे उत्तर देणे कोणावर बंधनकारक आहे, यात आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत घातली, अपिलाची सोय केली आणि चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. त्यामुळे दाखला मागणाऱ्याला निदान तारीख विचारता येते. आराखड्यावर हरकत घेणाऱ्याच्या हाती असे काही नाही. तैवानमध्ये ‘जॉइन’ या सरकारी व्यासपीठावरील मागणीला ५,००० सह्या मिळाल्या की संबंधित मंत्रालयाला जाहीर उत्तर द्यावे लागते. गावाला इतक्या सह्यांची गरज नाही. दहा मतदारांनी ऑनलाइन नोंदवलेला प्रश्न पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आलाच पाहिजे, एवढा नियम पुरे. परगावी राहणाऱ्याचा प्रश्न अशाने सभेत पोहोचेल. मत देण्याचा हक्क मात्र हजर असलेल्यांचाच राहावा, कारण निर्णयाचे ओझे रोज तेच वाहतात.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटात विषय आधी समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचे, ही पद्धत मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी रुजवली. तंत्रज्ञानाने सभेआधीच्या या कामाला हातभार लावावा: अंदाजपत्रक, नकाशा आणि मागच्या ठरावांची स्थिती सभेच्या आठवडाभर आधी हाती यावी, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी तेच कागद चावडीवर लागावेत.

२०२५ मध्ये केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने सभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा करणारे ‘सभासार’ हे साधन आणले आहे. पण मुद्रणात येते ते बोललेलेच, आणि भरसभेत बोलतात ते बहुतेक पुरुष. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे; मुद्रणाची सुरुवात त्या सभेपासून करावी आणि तिचा मसुदा ग्रामसभेत पहिल्या विषयाच्या आधी वाचून दाखवावा, असे मी सुचवीन.