मुंगीच्या अंगावरचं मेण काय सांगतं?

नमस्कार मंडळी! आधी हे बघा. आमच्या ओट्यामागच्या भिंतीवर मुंगळ्यांची रांग लागली होती, तेव्हा हे चित्रण केलंय. एक वर निघालाय, दुसरा खाली येतोय. समोरासमोर आले, थबकले, मिशा एकमेकांच्या अंगावरून फिरवल्या आणि आपापल्या वाटेला लागले.

आपल्याला वाटतं, रामराम केला. खरं तर तेवढ्यात दोघांनी एकमेकांच्या अंगावरचं मेण हुंगून घेतलं.

(हातात मेणबत्ती घेऊन)

ही साधी पॅराफिनची मेणबत्ती. पॅराफिन म्हणजे हायड्रोकार्बन, कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या. एकेका साखळीत साधारण २० ते ४० कार्बन. कीटकाच्या अंगावर याच कुळातल्या पदार्थांचा अगदी पातळ थर असतो. तो मुळात पाण्यासाठी. एवढासा जीव, त्याला उन्हात वाळून जायला कितीसा वेळ लागणार? मेणामुळे अंगातलं पाणी अंगातच राहतं.

पण हे मेण एकाच पदार्थाचं नसतं. काही साखळ्या सरळ, काहींना मध्येच फांदी फुटलेली, काहींत दुहेरी बंध. असे कितीतरी पदार्थ, आणि कुठला किती हे प्रत्येक जातीत वेगळं. मुंग्यांमध्ये तर वारूळ बदललं की प्रमाण बदलतं. एका वारुळातल्या मुंग्या एकमेकींना चाटतात, तोंडात तोंड घालून भरवतात, त्यातून सगळ्यांचं मेण एकमेकींत मिसळतं आणि अख्ख्या घराचा एक वास तयार होतो. परकी आली की तो जुळत नाही, मग चावाचावी सुरू. हे पदार्थ सहसा हवेत फारसे उडत नाहीत, म्हणून मिशा जवळ न्याव्या लागतात.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. जरा निवांत सांगतो.

अमेरिकेत, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरच्या वाळवंटात, बिया गोळा करणाऱ्या लाल मुंग्या आहेत. सकाळी आधी गस्तवाल्या बाहेर पडतात. त्या सुखरूप परतल्या की मगच बिया आणणाऱ्या निघतात. गस्तवाल्या परतल्याच नाहीत, तर बाकीच्या घरातच. पण आतल्या अंधारात कळतं कसं, की आलेली मुंगी गस्तवालीच आहे?

उन्हामुळे! कोरड्या, तापलेल्या हवेत वावरलं की मेणातल्या सरळ साखळ्यांचं प्रमाण वाढतं. सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, पाणी चांगलं अडवतात. म्हणजे जिचं काम उन्हात, तिच्या अंगाला उन्हाचा वास. घरात डागडुजी करणारीचा वेगळा.

डेबोरा गॉर्डन आणि मायकेल ग्रीन या शास्त्रज्ञांनी गस्तवाल्यांना परत येऊच दिलं नाही. त्यांच्या अंगावरचे हायड्रोकार्बन द्रावकात उतरवून घेतले, काचेच्या बारीक मण्यांना लावले आणि ते मणी एकेक करून वारुळाच्या तोंडात टाकले. मण्याला ना पाय, ना मिशा. तरी आतल्या मुंग्यांनी मणी हुंगले आणि बिया आणायला बाहेर पडल्या! डागडुजीवाल्यांचं मेण लावलेले मणी टाकले, तेव्हा तसं झालं नाही. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी वेगही तपासला. दहा सेकंदांना एक मणी पडला तर मुंग्या निघतात, फार सावकाश पडले तर नाही. म्हणजे कोण भेटलं यासोबत किती वेळा भेटलं, हेही मोजलं जातं. मुकादम नाही, हुकूम नाही, आणि हजारो जणींचं काम वेळेवर सुरू होतं. मला तर हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

अर्थात, जिथे ओळखपत्र तिथे तोतया आलाच. आंब्यावर पानं जोडून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या कोकणातल्या माणसाला सांगायला नकोत. कुणी ओंबील म्हणतं, कुणी हुमले. हीच जात ऑस्ट्रेलियातही आहे. तिथे एक उड्या मारणारा कोळी त्यांच्या अळ्या खातो, आणि त्या खाण्यातून त्याच घरट्याच्या मेणाचा वास त्याच्या अंगाला येतो. मग तो त्यांच्यात बिनधास्त वावरतो.

आणि हा वास कळेनासाच झाला तर? सह्याद्रीत उडी मारणारी एक मुंगी आहे, हार्पेग्नाथोस सॅल्टेटर. लांब जबडा, टपोरे डोळे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तिचं ऑर्को नावाचं जनुक बंद पाडलं. वास टिपणाऱ्या बहुतेक ग्राहींना, म्हणजे मिशांमधल्या वास ओळखणाऱ्या प्रथिनांना, ते लागतंच. या मुंग्या जगल्या, चालल्या-फिरल्या, डोळेही शाबूत होते. पण शिकार आणेनात, बहिणींत थांबेनात. घर सोडून एकट्याच बाहेर भटकत राहिल्या.