डीप पर्पलचे नंतरचे अल्बम कसे ऐकायचे

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपून एवढे लोक इंदूरच्या राजेंद्र नगरात रॉकवरचं बोलणं ऐकायला आलात, मला खरंच खूप बरं वाटलं. समोर तीन पिढ्या बसलेल्या दिसतायत, म्हणजे वाद होणार, आणि तो व्हायलाच हवा.

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडवरचा वाद तुम्हाला माहितीच आहे. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाताना सुरू होतो आणि दुकानं बंद व्हायला लागली तरी संपत नाही. एक पार्टी म्हणते की डीप पर्पल म्हणजे 1970 चा 'इन रॉक', 71 चा 'फायरबॉल', 72 चा 'मशीन हेड' आणि त्याच वर्षी जपानमध्ये रेकॉर्ड झालेला तो लाइव्ह अल्बम, बस्स, त्यानंतर 84 मध्ये परत एकत्र आले तो 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' एकवेळ धरा, पण गिटारवाला रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेल्यावर पुढे जे काय आहे ते फक्त नावाचं दुकान. दुसरी पार्टी, जी वयाने लहान आहे, ती म्हणते काका तुम्ही ऐकलेलंच नाही, तुम्ही 93 ला कान बंद केले. आणि मग काका चिडतात.

मला दोन्ही पार्ट्यांबद्दल एक तक्रार आहे. दोघंही एकच माप लावतात: जुन्यासारखं वाजतंय का? काका म्हणतात वाजत नाही म्हणून वाईट, पोरं म्हणतात अमुक गाण्यात बघा अगदी जुन्यासारखं वाजलंय म्हणून चांगलं. माप तेच. हे मापच मला पटत नाही, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

इंदूरमध्ये बसून हे समजवायला मला लांब जावं लागत नाही, देवास इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. कुमारजी. कुमार गंधर्व लहानपणी काय होते ते घरातल्या मोठ्यांकडून आपण सगळ्यांनी ऐकलंय, दहा-अकरा वर्षांचा मुलगा भल्याभल्या उस्तादांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करून अख्खी सभा थक्क करायचा. मग टीबी झाला, 1948 मध्ये हवापालटासाठी देवासला आले, गाणं पाच-एक वर्षं पूर्ण बंद, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी. त्यानंतर जे गायले त्यात श्वास छोटा होता म्हणून तुकडे छोटे झाले, मधल्या जागा बोलायला लागल्या, आजारपणात खिडकीतून कानावर पडलेली माळव्यातली लोकगीतं आत आली, निर्गुणी भजनं आली. त्या वेळीही लोक म्हणायचेच की आधीचा कुमार राहिला नाही. नव्हताच राहिला! पण जो आला तो पहिल्याला जमलाच नसता. माझं माप हे आहे. कलाकाराकडे जे शिल्लक आहे आणि जे नवीन हाती लागलंय त्यातून त्याने असं काही केलं का, जे त्याला तरुणपणी करता आलं नसतं? केलं असेल तर तो अल्बम मोठा, मग तो जुन्यासारखा वाजो न वाजो.

आता हे माप घेऊन बँडकडे या.

93 च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकमोर टूर अर्धवट सोडून गेला. जपानचे शो ठरलेले होते, ते गिटारवादक जो सॅट्रियानीने निभावले, आणि 94 मध्ये त्या जागी स्टीव्ह मोर्स आला. मोर्स कोण, तर अमेरिकन माणूस, डिक्सी ड्रेग्ज नावाचा जॅझ, कंट्री, ब्लूग्रास सगळं एकत्र करणारा बँड त्याने चालवलेला, आणि मधल्या काळात चक्क एअरलाइनमध्ये पायलट म्हणून नोकरी केलेली. ब्लॅकमोरचं वाजवणं म्हणजे ताण, तो तुम्हाला थांबवून ठेवतो आणि मग एकदम घाव घालतो. मोर्सचं तसं नाही, त्याची सुरावट वाहते, एकेक सूर वेगळा आणि स्वच्छ पिक करून वाजवतो, वेग कितीही असू दे. आता असा माणूस घेतल्यावर त्याला ब्लॅकमोरची नक्कल करायला लावायची की त्याच्यासाठी बँडनेच कूस बदलायची? त्यांनी दुसरा रस्ता धरला आणि 1996 मध्ये 'पर्पेंडिक्युलर' आला.

आणि मुंबईकरांनी हे सगळं होताना समोर पाहिलंय, इथल्या काही लोकांनीही पाहिलं असेल. एप्रिल 1995 मध्ये बँड मुंबईत वाजला, मोर्स नवाकोरा, आणि त्या शोमध्ये अजून बाजारात न आलेली नवीन गाणी त्यांनी लोकांसमोर वाजवून बघितली. पुढे त्याची 'बॉम्बे कॉलिंग' नावाने डीव्हीडी निघाली. (जाता जाता सांगतो, 'बॉम्बे कॉलिंग' हा सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्युटिफुल डे या बँडचा एक तुकडा आहे आणि 'इन रॉक'मधल्या 'चाइल्ड इन टाइम'ची ती सुरुवातीची ऑर्गनची धून त्याच्यावरूनच घेतलेली आहे.) ती डीव्हीडी मिळाली तर जरूर बघा, पन्नाशीला टेकलेली माणसं इतकी मोकळी झालीयत की विश्वास बसत नाही, गायक गिलन हसतोय, कीबोर्डवाला जॉन लॉर्ड हसतोय. ब्लॅकमोरच्या शेवटच्या दोन वर्षांतले व्हिडिओ काढा आणि शेजारी ठेवा, फरक मला सांगावा लागणार नाही.

'पर्पेंडिक्युलर'मधलं 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' घ्या. मोर्सची ती सुरुवातीची नाजूक धून, त्याच्यावर गिलन जवळजवळ बोलल्यासारखं गातो, एकटेपणाबद्दल. 1970 चा गिलन हे गाऊ शकला असता का? आवाज होता, अनुभव नव्हता. तेव्हा तो किंचाळायचा आणि ती किंचाळी अप्रतिमच होती, पण इथे तो किंचाळावंसं वाटतं असं सांगतो आणि किंचाळत नाही, आणि मला तरी हे जास्त लागतं. माझ्या मते हा अल्बम पहिल्या पाचात आहे, 'फायरबॉल'च्या वर. हो, वर. काका, नंतर बोलू.

आणि एक गोष्ट, जी ऐकून माझ्या ओळखीतल्या सगळ्यात कट्टर ब्लॅकमोरवाल्यानेही मान हलवली होती. आपली कल्पना चावला डीप पर्पलची फॅन होती. 2003 मध्ये कोलंबिया यानातून अवकाशात जाताना तिने बरोबर ज्या सीडी नेल्या त्यात 'मशीन हेड' होता आणि 'पर्पेंडिक्युलर'ही होता. करनालची मुलगी, इंजिनिअर, पायलट, जगातून काहीही नेता आलं असतं, तिने जुना एक आणि नवा एक असे दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, तिला पार्टी निवडायची गरज पडली नाही. 1 फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. मोर्सने त्यानंतर एक छोटा गिटारचा तुकडा केला, दीड मिनिटाच्या आसपास, शब्द नाहीत, 'कॉन्टॅक्ट लॉस्ट' नाव, आणि तो त्याच वर्षीच्या 'बनानाज' अल्बमच्या शेवटी आहे. त्या अल्बममधली बाकीची बरीच गाणी मला आठवतसुद्धा नाहीत पण हा तुकडा मी विसरू शकत नाही, स्वतः विमान चालवणाऱ्या माणसाने वाजवलाय तो, आणि ते त्याच्या बोटांत ऐकू येतं.

आता नंतरचं सगळंच सोनं आहे असं मी म्हणत नाहीये, पोरांनो तुम्हीही ऐका. 87 चा 'हाउस ऑफ ब्लू लाइट' थकलेला आहे, गिलन आणि ब्लॅकमोर एकमेकांशी बोलत नाहीयेत हे कळतं. 98 चा 'अबँडन' जड आहे पण जडपणालाच ताकद समजून बसलाय, आणि तिथे त्यांनी 'इन रॉक'मधलं 'ब्लडसकर' परत रेकॉर्ड केलं. कशाला? ज्या गाण्याचा सगळा जीव पंचविशीतल्या गळ्यात आहे ते पन्नाशीत परत गायचं म्हणजे ऐकणाऱ्याला तुम्ही स्वतःच सांगताय की या, तुलना करा. माझ्या मापाने हा अल्बम नापास. 2005 चा 'रॅप्चर ऑफ द डीप' बरा, टायटलचं गाणं फार छान, बाकी मध्यम.

मग आठ वर्षं अल्बमच नाही. लोकांनी धरूनच चाललं की संपलं. आणि 2013 मध्ये 'नाऊ व्हॉट' आला.

इथे बॉब एझरिनचं नाव घ्यायलाच हवं. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'चा हा प्रोड्यूसर. त्याने यांचा शो टोरोंटोला पाहिला आणि याचं म्हणणं सरळ होतं, की तुम्ही स्टेजवर गाण्याच्या मधे जे लांब लांब वाजवत सुटता तो खरा बँड आहे आणि स्टुडिओत गेलात की तुम्ही रेडिओसाठी चार मिनिटांची गाणी बनवत बसता, ते सोडा. बैठकीतल्या माणसाला ध्वनिमुद्रिकेची तीन मिनिटं विसरून गा म्हणण्यासारखंच आहे हे. नॅशव्हिलला सगळे एका खोलीत बसून वाजवले, आणि मोकळीक मिळाल्यावर डॉन एअरीने जे कीबोर्ड वाजवलेत ते ऐका. बिचाऱ्या एअरीला दहा वर्षं लोक लॉर्डच्या जागी आलेला एवढंच म्हणत होते, कारण 2002 मध्ये लॉर्डने बँड सोडला आणि त्याच्या हॅमंड ऑर्गनचा तो मार्शल अँपमधून येणारा गुरगुरता आवाज म्हणजे अर्धा डीप पर्पल होता. लॉर्ड 2012 च्या जुलैमध्ये गेला. हा अल्बम त्याला अर्पण आहे, आणि 'अंकॉमन मॅन' हे गाणं खास त्याच्यासाठी, सुरुवातीला मोर्सची गिटार कुठल्याही तालाशिवाय, आलापीसारखी, दोन मिनिटं नुसती उलगडत जाते. तरुण बँड इतका वेळ थांबूच शकत नाही. त्यासाठी कोणीतरी गमवावं लागतं. जर्मनीत हा अल्बम एक नंबरवर गेला, 2017 चा 'इन्फिनिट'पण गेला, म्हणजे फक्त आम्हीच दोन-चार वेडे ऐकत होतो असंही नाही.

गिलनच्या आवाजावर सगळ्यात जास्त भांडण होतं म्हणून दोन मिनिटं देतो. 'चाइल्ड इन टाइम' तो 2002 पासून स्टेजवर गात नाही. मला त्याचा हा निर्णय फार आवडतो. येत नसलेलं खेचून, खालच्या पट्टीत आणून, कोरसवाल्यांना पुढे करून गाता आलं असतं, कितीतरी मोठी नावं करतायत. त्याने गाणं बाजूला ठेवलं आणि उरलेल्या आवाजात काय सांगता येईल ते शोधलं, नंतरच्या अल्बम्समध्ये तो गोष्टी सांगतो, माणसं उभी करतो. काकांचं म्हणणं की हे गाणं नव्हे. मी म्हणतो ऐकताना शब्द समोर घेऊन बसा आणि मग सांगा.

आणि ड्रम्सवर तर कोणी भांडतच नाही, कारण इयन पेसकडे कोणी बघतच नाही! 1968 पासून आजपर्यंत बँडच्या प्रत्येक अल्बमवर असलेला हा एकच माणूस. 2016 मध्ये त्याला छोटा स्ट्रोक येऊन गेला, हाताला त्रास झाला, थोडे शो रद्द झाले आणि हा परत ड्रम्सवर बसला. 2020 च्या 'हूश'मध्ये त्यांनी 'अँड द अॅड्रेस' परत वाजवलं, हा त्यांच्या पहिल्यावहिल्या 1968 च्या अल्बमचा पहिलाच ट्रॅक. आत्ता मी 'ब्लडसकर' परत केल्याबद्दल नाराज होतो, मग हे कसं चालतं? एक तर यात गाणाराच नाही, नुसतं वादन आहे, त्यामुळे गेलेल्या गळ्याची आठवण निघत नाही. आणि दुसरं, मूळ रेकॉर्डिंगवर असलेला एकटा पेस इथे आहे, बाकी चौघं त्याच्यासाठी वाजवतायत. वीस वर्षांच्या पोराने वाजवलेलं आणि सत्तरीच्या माणसाने वाजवलेलं लागोपाठ लावा, लय कुठे मागे झुकते, किती कमी हालचालीत झुलते, ते बघा. ज्यांना आपल्याकडच्या म्हाताऱ्या तबलजींचा ठेका ऐकायची सवय आहे त्यांना हे लगेच कळेल.

(यानंतर प्रश्न विचारले गेले. एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं, की मोर्सही आता बँड सोडून गेला, मग 2024 च्या अल्बमचं काय, तोही तुमच्या मापाने पास का.)

काका, छान विचारलंत. मोर्सने 2022 मध्ये पत्नीच्या आजारपणासाठी बँड सोडला, भांडून नाही, आणि अठ्ठावीस वर्षं होता, ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून होतात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. हे आपण विसरतो. त्याच्या जागी आलेला सायमन मॅकब्राइड बेलफास्टचा, बाकीच्यांपेक्षा तीस-तीस वर्षांनी लहान, ब्लूजमधून आलेला, त्यामुळे गिटारला परत धार आलीय आणि तुमच्या पार्टीला हा अल्बम आवडलाय ते मला माहितीये. मलाही आवडला. गिलन एकोणऐंशीला टेकलेला असताना ज्या खुशीत गातोय ते ऐकून जीव सुखावतो. पण विचारताय म्हणून सांगतो, मी त्याला 'नाऊ व्हॉट'च्या खाली ठेवतो, कारण यात बँड स्वतःच्या जुन्या ओळखीकडे जरा जास्त बघतोय, गाणी आटोपशीर आहेत, एझरिनने उघडलेली ती मोठी लांब वाट इथे कमी दिसते. मॅकब्राइडला अजून एक अल्बम मिळायला हवा. मोर्सला मुंबईत लोकांसमोर चाचपडायला मिळालं होतं तसं यालाही मिळालं पाहिजे, तोपर्यंत मी निकाल देणार नाही.

तुम्ही मात्र 'पर्पेंडिक्युलर' आज घरी जाऊन पूर्ण ऐका, मधे न थांबता, आणि पुढच्या रविवारी या भांडायला. 'फायरबॉल' मी घेऊन येतो.