बारा चौकटींचे कोडे

श्रोतेहो, नमस्कार. यंत्राला आकृती ओळखायला कसे शिकवावे, या प्रश्नावर मिखाईल बोंगार्ड या सोव्हिएत संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली पुस्तक लिहिले आणि त्याच्या अखेरीस शंभर चित्रकोडी जोडली. १९७९ साली डग्लस हॉफस्टॅटर या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ती दूरवर पोहोचली. प्रत्येक कोड्यात सहा चौकटी डावीकडे आणि सहा उजवीकडे असतात. डावीकडच्या सहाही चित्रांना लागू पडणारा, पण उजवीकडच्या एकालाही लागू न पडणारा नियम आपण शब्दांत सांगायचा असतो. पुन्हा सांगतो, डावीकडे सहाही, उजवीकडे एकही नाही.

गणपतीत सगळे घरी जमलेले असताना मी यातले दुसरे कोडे मांडले. भावजींनी क्षणात उत्तर दिले, "डावीकडे मोठ्या आकृत्या, उजवीकडे लहान." दुसरीत शिकणारी भाची मात्र अडून बसली. "मामा, मोठ्या म्हणजे कशापेक्षा मोठ्या?" असे विचारून तिने स्वतःचा नियम सांगितला, की डावीकडच्यांना आपल्या चौकटीत हलायला जागाच नाही आणि उजवीकडच्यांना भरपूर आहे. आम्ही बाराही चौकटी तपासल्या आणि तिचा नियम कुठेही चुकला नाही. मग ताईने वर्तमानपत्राचे अख्खे पान चौकट मानून त्याच्या मधोमध, भोवती भरपूर जागा सोडून, पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीहून मोठा त्रिकोण काढला आणि ही तेरावी चौकट कोणत्या बाजूला ठेवायची, असे विचारले. भावजींच्या मते ती डावीकडे जाणार होती आणि भाचीच्या मते उजवीकडे. आरतीची वेळ झाली तरी वाद मिटला नाही, कारण पहिल्या बारा चौकटी दोघांच्याही बाजूने साक्ष देत होत्या.

आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेतही बुद्धिमत्ता चाचणीत गटात न बसणारी आकृती शोधायची असते. परंतु तिथे पर्याय छापलेले असतात आणि कारण कोणी विचारत नाही, हे मला नेहमीच खटकते. बोंगार्डच्या कोड्यात कारण हेच उत्तर असते.

यंत्राची अडचणही इथेच आहे. आकार, संख्या, कोन, रिकामी जागा यांपैकी कशाकडे पाहायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. हॅरी फाउंडालिस यांनी २००६ साली इंडियाना विद्यापीठातील आपल्या प्रबंधासाठी अशी कोडी सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला, तो त्यांपैकी मोजकीच कोडी सोडवू शकला. एक्क्याण्णवाव्या कोड्यात डावीकडे तीन आणि उजवीकडे चार हा भेद आहे, मात्र तीन काय आणि चार काय, हे प्रत्येक चौकटीत नव्याने शोधावे लागते.