एका काडतुसाची पुंगळी दुसऱ्याला कशी चालते?

नमस्कार. माझ्या हातातल्या या पितळी गडूच्या गळ्याला जी उभी चीर दिसते आहे, ती मीच पाडलेली आहे. गळ्याला पोचा आला होता आणि तो मी घरीच लाकडी हातोडीने काढायला गेलो. पहिले दहा-बारा ठोके पत्र्याने मुकाट्याने सोसले आणि पुढच्या ठोक्याला तो फाटला. आपल्या नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका वयस्कर कारागिरांना गडू दाखवला, तेव्हा त्यांनी चिरेवरून नख फिरवत एवढेच विचारले, "आधी तापवला नव्हतास ना?"

आजचा विषय रायफलच्या काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरणारी पितळी नळी, हा आहे आणि त्यातली निम्मी अडचण काकांच्या त्या प्रश्नात आहे. अमेरिकेत अनेक नेमबाज आणि शिकारी वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात, आणि हव्या त्या मापाची पुंगळी मिळाली नाही तर दुसऱ्या मापाची दाबून घेतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे भरणीच्या कृतीत मी शिरणार नाही. पितळेचे काय होते, तेवढेच पाहू.

पुंगळीचे पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. 'थर्टी-ऑट-सिक्स' हे 1906 मधले अमेरिकी लष्करी काडतूस घ्या. त्याची गोळी 7.82 मिलिमीटर व्यासाची असते. 1925 मध्ये आलेल्या .270 विंचेस्टरची गोळी 7.04 मिलिमीटरची आहे, पण दोघांचे बूड आणि धड जवळजवळ सारखेच, कारण दुसरे पहिल्यावरूनच बेतलेले आहे. त्यामुळे पुंगळीला तेलाचा पातळ हात देऊन ती पोलादी साच्यात दाबली की मान, म्हणजे गोळी धरणारे अरुंद तोंड, आणखी अरुंद होते. तेल कमी पडले तर पुंगळी साच्यात अडकून बसते आणि जास्त झाले तर खांद्यावर, म्हणजे धड आणि मान यांच्यामधल्या उतारावर, खळगे पडतात.

मात्र अरुंद झालेल्या मानेतले पितळ कुठेतरी जायलाच हवे. ते थोडे लांबीत जाते आणि थोडे जाडीत. लांबी कापता येते; जाडीकडे दुर्लक्ष झाले तर ते महागात पडते, कारण बार उडताना मान किंचित फुगून गोळी सोडते, आणि जाड मानेला फुगायला जागाच उरली नाही तर गोळी आवळलेली राहून दाब धोकादायक वाढतो. म्हणून मान बाहेरून तासून किंवा आतून कोरून पातळ करावी लागते. माप फार बदलायचे असेल तर हे दाबणे एका दमात न करता दोन-तीन साच्यांतून टप्प्याटप्प्याने करतात.

आता काकांचा प्रश्न. पितळ थंडपणी ठोकले किंवा दाबले की कडक होते, आणि कडक झालेले पितळ पुढे वाकण्याऐवजी तडकते. उपाय भट्टीचा आहे: तापवले की ते पुन्हा नरम होते. पोलादाला पाणी दिले की ते कडक होते, पितळाचे तसे होत नाही. तापलेले पितळ पाण्यात टाकले तरी ते नरमच राहते. गडू सगळा तापवला तरी चालतो. पुंगळीची मात्र मान आणि खांदाच नरम हवा आणि बूड कडकच राहायला हवे, कारण 'थर्टी-ऑट-सिक्स'मध्ये चौरस इंचाला 60,000 पौंडांपर्यंत दाब बुडाला झेलायचा असतो. म्हणून काही जण पुंगळ्या पाण्याच्या ताटलीत उभ्या करून फक्त मानेवर ज्योत धरतात. नरम बुडाची पुंगळी मला विचाराल तर सरळ भंगारात गेली पाहिजे.

याच पितळाने आपल्या देशात एक कोडे घातले होते. इंग्रजी अमलात पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या कोणी हात न लावता तडकत. कारण 1921 मध्ये उलगडले: घोड्यांच्या पागांमधला अमोनिया, हवेतली ओल आणि घडवताना पितळात राहून गेलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की चीर पडते. बेताने तापवून तो ताण घालवला की पुंगळ्या टिकतात.

शेवटचा धोका बुडावर उठवलेल्या मापाच्या छापाचा आहे. पुंगळी बदलली तरी छाप जुनाच राहतो. .223 या बारीक गोळीच्या काडतुसाची पुंगळी कापून '.300 ब्लॅकआउट' या दुसऱ्या काडतुसाची करता येते, आणि तिच्यात 7.82 मिलिमीटरची जाड गोळी बसते. चुकून ते काडतूस .223 च्या रायफलीत बंद झाले आणि उडवले गेले, तर जाड गोळी अरुंद नळीत अडकून रायफल फुटते. म्हणून जाणकार लोक अशा पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर नवे माप ठळक लिहितात.

आणि हा गडू? काकांनी चिरेला डाख लावून दिला आहे. पाणी भरून पाहिले, अजून एक थेंब गळतो.