अकरा महिन्यांचं बिऱ्हाड
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘भाड्याच्या घराची खरी किंमत कशी काढावी’. काढू. पण हा हिशेब करायची वेळ माझ्यावर का आली ते आधी सांगतो.

आमची दादरची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर दरमहा भाडं देणार, आपण तोवर कुठेतरी राहायचं. (तुमच्यापैकी कितीजण सध्या बिल्डरच्या भाड्यावर आहेत? बघा, बरेच हात वर आले!) चोवीस बिऱ्हाडांना एकाच महिन्यात, त्याच चार गल्ल्यांत घर हवं. कुणाची नातवंडं शाळेत, कुणाचा डॉक्टर कोपऱ्यावर. बिल्डर किती देतो तो आकडा आमच्या आधी दलालांना पाठ. झालं! आसपासच्या सगळ्या वन-बीएचकेंचं भाडं बरोब्बर त्या आकड्यावर येऊन बसलं.

पहिलं घर ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’. खरं होतं, दलालाच्या बाईकवरून, सिग्नल तोडत. दुसरं ‘सी-व्ह्यू’. न्हाणीघराच्या खिडकीतून, हिनं मागून मला धरून ठेवलं तर. तिसरं मात्र खरोखर छान. मालकीणबाईंनी चहा केला, हिचं माहेर विचारलं आणि मग हळूच म्हणाल्या, “मासे करता का घरात?” आता मी बाजारात पापलेटवर घासाघीस करण्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस. हिनं डोळ्यानं खूण केली. मलाही खोटंच बोलायचं होतं, पण तोंडून निघालं, “छे हो, फक्त बुधवार, शुक्रवार आणि रविवार.”

हसताय काय? घर गेलं! दादरमध्ये! याचा राग अजून...

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं उरलीत. मग पटापट.

एक, क्षेत्रफळ. दलाल सुपर बिल्ट-अप सांगतो, म्हणजे भिंती, जिना, लिफ्टचा वाटा सगळं धरून; आपण राहतो कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेत. टेप घेऊन जा. मला ‘सहाशे’ म्हणून दाखवलेलं घर ३९० चौरस फूट भरलं.

दोन, हिशेब. करार अकरा महिन्यांचा, भाडं ४०,०००, डिपॉझिट दोन लाख, दलाली एका महिन्याची. दोन लाखांवर सात टक्क्यांनी बुडालेलं व्याज महिन्याला ११६७, दलाली अकरा महिन्यांवर पसरली की ३६३६. म्हणजे घर पडलं जवळपास ४४,८०० ला. शेजारच्या इमारतीत ४३,००० भाडं, डिपॉझिट एक लाख, ओळखीतून म्हणून दलाली नाही. ते पडतं ४३,६०० ला. आमच्यातल्या तिघांनी ‘महाग’ म्हणून तेच सोडलं!

तीन, हे अकरा महिन्यांचं खूळ. १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला ज्यांच्या ताब्यात लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीवर, जागा होती ते भाडेकरू ठरले. मालकांनी तेव्हा खाल्लेली धास्ती अजून उतरलेली नाही, म्हणून करार वर्षाच्या आतच आटपतात. पण १९९९ च्या कायद्यानं करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणी सक्तीचीच आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. मग चोवीस महिन्यांचा करार मागा ना! तीच दलाली महिन्याला १६६७ वर येते. फक्त दुसऱ्या वर्षी दलाल पुन्हा हात पसरणार नाही, हे आधी वदवून घ्या.

पागडीचं राहिलंच. ते पुढच्या वर्षी, बोलावलंत तर. हो हो, माईक देतो.